चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरचं बोर्डिंग

कोल्हापुरात राजारामपुरीतला एक पोरगा अमेरिकेतलं एमएस संपवून सुट्टीला आलाय. परत गेला की न्यूयॉर्कमध्ये इंटरव्ह्यू आहेत. परवा शिरोलीला आमच्या फौंड्रीत येऊन विचारत होता, "दादा, आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या क्लबात खोली मिळतीय. तिथं उतरू, का सरळ हॉटेल घेऊ?" मीही तसल्याच एका खासगी विद्यापीठातून शिकलोय आणि गिऱ्हाइकांना भेटायला जातो तेव्हा क्लबातच उतरतो. नुसतं झोपायचं असेल तर हॉटेल घे, म्हटलं.

मॅनहॅटनमध्ये ४४व्या रस्त्याच्या आसपास हे क्लब जवळजवळ आहेत. हार्वर्डचा रस्त्याच्या पश्चिम भागात (वेस्ट) ३५ नंबरला, समोरच्या बाजूला ३० नंबरला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा, पलीकडं पूर्व भागात (ईस्ट) ६ नंबरला कॉर्नेलचा. येलची १९१५ सालची बावीस मजली इमारत ग्रँड सेंट्रल स्टेशनसमोर. आपल्या विद्यापीठाची इमारत नसली तरी चौकशी करावी. डार्टमथ कॉलेजवाले येलच्या क्लबात सभासद होतात. नव्या पदवीधरांना वर्गणी साधारणपणे कमी असते आणि वर्षांगणिक चढत जाते, तेव्हा 'नंतर बघू' म्हणू नये. खोली लहानच असते.

पैशाची रीत वेगळी. नोटा चालत नाहीत, सभासद क्रमांक सांगून सही करायची. पहिल्या सकाळी मी नाष्टा झाल्यावर बशीखाली पाच डॉलर ठेवले. वेटर लिफ्टपर्यंत मागं आला आणि घडी केलेली नोट माझ्या हातात परत दिली. टीप द्यायची नसते. वर्षाखेरीस कर्मचाऱ्यांसाठी निधी जमतो, त्यात घालायचे.

दुसरी फजिती फोनची. तिथले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडं सकाळचे साडेसहा. वाचनालयात पेपर चाळत बसलो होतो, दोन-तीन म्हातारे खुर्चीत डुलक्या घेत होते. आईचा फोन आला, गडबडीत स्पीकर लागला. "जेवलास काय रं?" अख्ख्या हॉलनं ऐकलं. कुणी रागावलं नाही. एकानं चष्म्यावरून बघत बोटानं दार दाखवलं. बाहेर फोनसाठी लाकडी खोपटं होतं, त्यात उभं राहून सांगितलं, "जेवतोय आता."

खरी गोष्ट जेवणाच्या लांब टेबलाची. बऱ्याच क्लबांत असं एक टेबल असतं. एकट्यानं आलेल्यानं ओळख नसली तरी तिथं बसायचं. मी दोन दिवस कोपऱ्यात जेवलो, तालमीत जाऊन भिंतीला टेकून उभं राहिल्यासारखं. तिसऱ्या दिवशी बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय करतोस? "इंजिनिअरिंग क्षेत्रात आहे," म्हटलं आणि बोलणं तिथंच मेलं. दुसऱ्या दिवशी तेच आजोबा भेटले, तेव्हा सांगितलं की पावसाळ्यात साच्याच्या वाळूत ओल धरते, कास्टिंगला ब्लोहोल म्हणजे हवेची भोकं पडतात आणि आमचं रिजेक्शन वाढतं. त्यांची हयात व्हॉल्व्हच्या कारखान्यात गेलेली. सूप गार झालं तरी ते बोलतच होते. ऑर्डर काही मिळाली नाही. पुढच्या खेपेला मात्र मला बघून त्यांनीच शेजारची खुर्ची ओढली. टेबलावर कागद पसरायचे नसतात, व्हिजिटिंग कार्ड मागितल्याशिवाय काढायचं नसतं. धंद्याचं बोलणं तिथं उशिरा येतं, कधीकधी येतच नाही.

कोल्हापूरकराला हे परकं वाटायला नको. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं, मग इतर समाजांची बोर्डिंगं झाली. माझे आजोबा बोर्डिंगात राहून शिकले. "आमच्या बोर्डिंगातला" एवढं ओळखीला पुरायचं, आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नसे. पण फार हुरळूनही जाऊ नये. ज्यांना शहरात थारा नव्हता त्यांच्यासाठी बोर्डिंगं होती. क्लबांचं उलट, हार्वर्डच्या क्लबानं बायकांना सभासद केलं ते १९७३ साली. आणि नाव मोठं म्हणून क्लब टिकतो असंही नाही. प्रिन्स्टनचा ४३व्या रस्त्यावरचा क्लब कोरोनात उत्पन्न आटलं, कर्ज फिटेना म्हणून २०२१ मध्ये बंद झाला.

पोरानं तीन रात्री बुक केल्यात. कॉलरचा शर्ट, कोट आणि बूट घे, म्हणून सांगितलंय. काल परत फोन, "दादा, त्या टेबलावर बसल्यावर पहिलं काय बोलू?"

"मीठ मागून घे," म्हटलं.