रिपोर्टातला कॅल्क्युलस

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'कॅल्क्युलस, ५ मिमी' असं वाचलं आणि मला कॉलेजातलं गणितच आठवलं. डॉक्टर हसले. "मुतखडा आहे काका, पाणी भरपूर प्या." घरी येऊन डिक्शनरी उघडली. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा. रोमन लोक हिशेबाला खडे मांडत, त्यावरून 'कॅल्क्युलेट' आलं. गणितवाल्यांचा आणि डॉक्टरांचा शब्द एकच. माझा खडा यथावकाश पडून गेला, शब्दांची वही मात्र राहिली.

वही शंभर पानी पुरते. रोज एकच शब्द घ्यायचा, तोही तयार यादीतला नाही. पेपरात, औषधाच्या कागदावर, बँकेच्या पत्रात जिथे अडलात तो. आधी वाक्यावरून अंदाज बांधा आणि पेन्सिलीने लिहा. चुकला तर उत्तम, चुकलेला जास्त लक्षात राहतो. मग कोश. बहुतेक जण अर्थ वाचून मिटवतात. तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत जा, व्युत्पत्ती तिथे असते. नसेल तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे.

आता खरी गंमत. पानाच्या उजव्या बाजूला मराठीतला जोडीदार शोधून लिहायचा. 'मसल'चं मूळ लॅटिन 'मुस्क्युलस', म्हणजे छोटा उंदीर. दंड वळवल्यावर कातडीखाली त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. आपण बेडकुळीच म्हणतो की! 'डिझास्टर'मध्ये तारा लपलाय, वाईट तारा. आपले ग्रह फिरतात, तसंच. 'मॅन्युस्क्रिप्ट' तर सरळ हस्तलिखित: 'मानुस' म्हणजे हात. तोच हात मॅन्युअलमध्ये आणि मॅनिक्युअरमध्ये. जोडीदार सापडला नाही तर जागा कोरी सोडा, ओढूनताणून बसवू नका.

कारण कान फसवतो. 'माँगूस'मध्ये 'गूस' ऐकू येतं म्हणून माझ्या पुतण्याने अनेकवचन 'माँगीस' केलं होतं. बदकाच्या जातीशी त्याचा काय संबंध? ते आपलं मुंगूस, मराठीतून तिकडे गेलेलं. अनेकवचन 'माँगूसेस'.

गोष्टीही फसवतात. 'सॅलरी'त मीठ आहे हे खरं, लॅटिन 'साल'. पण रोमन शिपायांना पगार मिठातच मिळायचा, याला धड पुरावा नाही. वहीत मी दोन ओळी वेगळ्या लिहिल्यात.

आणि मूळ कळलं म्हणजे अर्थ कळला असं नव्हे, म्हणून खाली आजच्या वापराचं एक वाक्य स्वतः लिहायचंच. 'नाइस' आलाय लॅटिन 'नेस्कियुस'वरून, म्हणजे अजाण. इंग्रजीत तो आधी मूर्खाला लावत. सूनबाई माझे पोहे खाऊन 'नाइस' म्हणते, तेव्हा मी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे बघून घेतो.