पावसाळ्यानंतरची हिमालयीन मोहीम: बर्फ आणि हवामान तपासताना या चुका टाळा

मोसमी पाऊस उत्तर भारतातून माघारी फिरला की गढवाल आणि कुल्लूच्या शिखरांवर मोहिमांचा दुसरा हंगाम सुरू होतो, आणि महाराष्ट्रातील अनेक संघ दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांचा मेळ याच दिवसांशी घालतात. आकाश निरभ्र असते, परंतु उंचावर नवा बर्फ साचू लागलेला असतो.

केवळ पुढचा अंदाज पाहणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उताराची आजची स्थिती मागील तीन-चार आठवड्यांच्या हवामानावर ठरते, म्हणून बर्फ कधी पडला, त्यानंतर थंडी किती होती आणि वारा कोणत्या दिशेने वाहिला याची तारीखवार नोंद निघण्यापूर्वीच करावी. सप्टेंबरमध्ये पडलेला वीतभर बर्फ निरुपद्रवी वाटतो. मात्र त्याखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि पृष्ठभाग रात्री उणे दहा-पंधरा अंशांवर असला, तर इतक्या पातळ थरात तापमानाचा फरक फार तीव्र होतो आणि कण एकमेकांची पकड सोडून साखरेसारखे सुटे होतात. पुढच्या हिमवर्षावात वाऱ्याने आणलेला घट्ट थर या सुट्या कणांवर बसतो, आणि मग एका माणसाचे वजनही तो अख्खा थर घसरवू शकते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ (५,६७० मीटर) या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकावर हिमस्खलन झाले व २९ जणांना आपण गमावले. ऑक्टोबरात बर्फ कमी म्हणून धोकाही कमी, हा समज त्यानंतर तरी टिकू नये.

गावाचा अंदाज शिखराला लावणे

मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे आणि फ्रेंडशिप शिखर ५,२८९ मीटरवर. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या हिशेबाने दोन्ही ठिकाणांत वीसहून अधिक अंशांचा फरक पडतो. शिवाय अंदाज वर्तवणारी संगणकीय प्रारूपे कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी उंची धरतात, त्यामुळे शिखर त्यांच्या हिशेबात बुटके होते. वाऱ्यासाठी ५०० हेक्टोपास्कल पातळीचा, म्हणजे हवेचा दाब तेवढा असतो त्या उंचीचा, नकाशा पाहावा. ही पातळी पावणेसहा हजार मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कामाच्या उंचीवरच असते.

बंगालच्या उपसागराकडे दुर्लक्ष करणे

पश्चिमी विक्षोभांकडे, म्हणजे पश्चिमेकडून हिमालयात पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी प्रणालींकडे, बहुतेकांचे लक्ष असते, पण ऑक्टोबर हा चक्रीवादळांचाही महिना आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद वादळाच्या अवशेषांनी दोनच दिवसांत नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात प्रचंड बर्फ पाडला आणि थोरोंग ला खिंडीच्या भागात, तसेच आसपासच्या पर्वतांत, चाळीसहून अधिक माणसे दगावली. नेपाळ किंवा उत्तराखंडला जाणाऱ्यांनी निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याची चक्रीवादळविषयक पत्रके वाचलीच पाहिजेत.

जुन्या माहितीवर विसंबणे

जूनमध्ये जाऊन आलेल्या मित्राची छायाचित्रे येथे कामाची नाहीत. सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रे दर काही दिवसांनी विनामूल्य मिळतात. त्यांतून हिमरेषा कळते, परंतु खोली आणि थर कळत नाहीत. वरच्या कुरणांतून कळप घेऊन उतरणाऱ्या गद्दी मेंढपाळांना जरूर विचारावे. कोणत्या नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) बर्फ कधी साचला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

चुकीच्या जागी खड्डा खणणे

बर्फाचे थर तपासण्यासाठी खड्डा खणतात, पण तंबूशेजारच्या सपाटीवर खणलेल्या खड्ड्यातून काहीच सिद्ध होत नाही. ज्या उतारावर चढायचे, त्याच दिशेच्या, तितक्याच उंचीच्या आणि वर धोकादायक उतार नसलेल्या सुरक्षित जागी खणावे. खड्ड्याच्या भिंतीत तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा स्तंभ सुटा करून त्यावर फावडे ठेवावे आणि मनगटातून, कोपरातून व खांद्यातून प्रत्येकी दहा थापा माराव्यात. थोड्या थापांत थर स्वच्छ निसटला, तर तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार टाळावेत. थर निसटला नाही म्हणून मात्र संपूर्ण उतार सुरक्षित ठरत नाही, आणि चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा भेगा धावल्या, तर उतार धोकादायकच समजावा, खणण्याचीही गरज उरत नाही.

हिमनदीवर ताज्या बर्फाने झाकलेल्या हिमभेगांवरचे पूल या दिवसांत फार पातळ असतात, त्यामुळे तेथे दोर बांधूनच चालावे.

एवढे करूनही परतीचे तिकीट शिखरदिनाच्या लगेच पुढचे असेल, तर तपासणीचा निष्कर्ष कोणी मनावर घेत नाही. नव्या हिमवर्षावानंतर किमान एक-दोन दिवस, आणि सावलीतल्या उत्तर उतारांवर त्याहून अधिक, थांबता येईल इतके राखीव दिवस आरक्षण करतानाच धरावेत.