‘कुणाला काय नक्की माहीत असतं?’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मामांना शेतात बोअर घ्यायची होती. पाणाड्या आला, तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एके ठिकाणी उभा राहिला आणि तिथे दगड ठेवून खूण झाली. मी म्हटलं, “मामा, भूजलाचं शिकलेल्या माणसाला एकदा दाखवू या.” मामा म्हणाले, “त्याला तरी शंभर टक्के कळतंय का? मग दोघं सारखंच की.”

संशयवादाचा, म्हणजे खात्रीने काही कळतं का अशी शंका घेणाऱ्या विचाराचा, हा सर्वांत महागात पडणारा गैरवापर. खात्री कुणालाच नाही, म्हणून सगळ्यांचं म्हणणं एकाच तोलाचं, असं मानायचं. मामांचं पहिलं वाक्य खरंच आहे. जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही. पण सोलापूरकडचा खडक बेसाल्टचा. पाणी त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी थोडंफार लागतंच. नारळ उभा राहिला आणि पाणी लागलं, ही गोष्ट गावभर होते. कोरड्या गेलेल्या बोअरचा हिशेब कोण ठेवतो? अभ्यासकही चुकतो, पण तो कशाच्या आधारावर बोलला हे तपासता येतं आणि पुढच्या वेळी सुधारता येतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 साली इंद्रियांवर, जागेपणावरही शंका घेतली, ती पक्का पाया शोधायला. बोअर कुठे घ्यायची हे ठरवायला तेवढी निःशंक खात्री लागत नाही. शंभर टक्क्यांची अट घातली की सगळेच नापास, आणि मग निवड नारळावर सोडावी लागते.

दुसरी चूक, ‘माहीत नाही’चं ‘नाही’ करून टाकणं. ग्रीक संशयवाद्यांचा मूळपुरुष पिऱ्हो सिकंदराच्या सैन्याबरोबर भारतापर्यंत आला होता. त्याच्या परंपरेतला सेक्स्टस एम्पिरिकस स्वतःला शोधणारा म्हणवतो. ‘काहीच कळू शकत नाही’ हाही त्याच्या लेखी एक दावाच, तोही सिद्ध करून दाखवावा लागतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर माळढोक बघायला गेलेले लोक संध्याकाळी परत येतात आणि म्हणतात, “तिथं काही नाही हो.” मातकट रंगाचा, संख्येने अगदी थोडा उरलेला पक्षी, एका दिवसात दिसला नाही यावरून काय ठरणार? आपल्याकडच्या मीमांसा दर्शनाच्या विचारवंतांनी याची फार नेटकी अट घातली आहे: वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं. चटईवर घागर नाही हे एका नजरेत कळतं. माळावर माळढोक नाही हे तसं कळत नाही.

तिसरी चूक वादात होते. समोरचा काहीही बोलला की “कशावरून?” पुन्हा “ते तरी कशावरून?” या साखळीला तीनच वाटा आहेत हे जुन्या ग्रीकांनी दाखवलं: ती संपत नाही, फिरून पहिल्याच जागी येते, किंवा कुठेतरी गृहीत धरून थांबते. अडचण खरी आहे, मी ती हलकी करत नाही. पण दहाव्या शतकातले न्यायदर्शनाचे, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेचे, पंडित उदयनाचार्य यांचं उत्तर मला पटतं. शंका तिथवरच चालते, जिथे ती आपल्याच वागण्याशी भांडू लागते. आगीने भाकरी भाजते यावर शंका घेणारा सकाळी चूल पेटवतोच.

अशा वादात अडकलात तर शंकेलाच कारण विचारा. न्यायदर्शनात संशय हा सोळा पदार्थांपैकी, म्हणजे अभ्यासाच्या मूळ विषयांपैकी, तिसरा, इतका मानाचा. पण तो उगाच येत नाही. संधिप्रकाशात लांब काहीतरी उभं दिसतं, खांब की माणूस? उंची दोघांची सारखी, हात-पाय दिसत नाहीत, म्हणून शंका. काय दिसलं की ती फिटेल हेही ठाऊक असतं. ते सांगता येत नसेल, तर ती शंका बाजूला ठेवायला हरकत नाही.

मामांशी मग मी वाद घातला नाही. शिवारातल्या बोअर किती, कुठे, किती फुटांवर पाणी लागलं, कोरड्या किती, एवढंच विचारलं. त्यांनी वही काढली. कोरड्या बोअर लिहिता लिहिता दुसरं पान लागलं, तेव्हा ते म्हणाले, “तुझ्या त्या माणसाला फोन लाव.”