हृदयात जन्मजात दोष असलेल्या बाळाचं फुप्फुस मिटलं तर

एक्स-रेवर एक बाजू पांढरी दिसली की लगेच पाठ थोपटायला घेऊ नका. हृदय त्या पांढऱ्या बाजूकडे ओढलं गेलं असेल, तर फुप्फुस मिटलंय, म्हणजे हवा निघून आकसलंय. उलट बाजूला ढकललं गेलं असेल, तर छातीत पाणी साठल्याचा संशय घ्या. त्याचा इलाज वेगळा.

बाळ व्हेंटिलेटरवर असेल तर आधी श्वासनलिकेत घातलेल्या नळीचं टोक पाहा. ते उजव्या मुख्य श्वासनलिकेत सरकलं की डावं फुप्फुस मिटतं. मान पुढे झुकली तरी टोक खाली जातं, म्हणून एक्स-रे मान सरळ ठेवूनच काढा.

नळी जागेवर असेल आणि कारण कफ असेल, तर सक्शन, म्हणजे बारीक नळीने (कॅथेटरने) कफ ओढून काढणं. कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको: ४ नंबरच्या (आतला व्यास ४ मिमी) नळीला ६ फ्रेंच, म्हणजे २ मिमी जाडीचा. दाब ८० ते १०० मिमी पारा, एका वेळी फार तर १० सेकंद. फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या बाळाला सक्शनआधी ऑक्सिजन वाढवा आणि गुंगीचं औषध पुरेसं आहे ना ते पाहा. नाहीतर दाब एकदम उसळून बाळ कोसळू शकतं. एकच जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) असलेल्या बाळात मात्र ऑक्सिजन सढळ हाताने देऊ नये. पहिल्या टप्प्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं ७५ ते ८५ टक्के सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बहुधा अपेक्षितच असतं; ते १०० वर नेलं तर रक्त फुप्फुसांकडे जादा वळून शरीराला कमी पडतं.

कफ निघावा म्हणून मिटलेली बाजू वर ठेवून झोपवा. छाती उघडी ठेवलेली असेल तर कुशीवर वळवू नका, आणि डोकं खाली करणं सगळ्यांतच टाळा. दूध पाजल्यावर निदान तासभर फिजिओथेरपी नको. दुखणं आधी शमवा. दुखत असलेलं मूल खोल श्वास घेतच नाही, मग बाकीची मेहनत वाया जाते.

एवढं करूनही तोच भाग पुन्हापुन्हा मिटतोय? मग कफाचा पिच्छा सोडा. मोठ्या व्हीएसडीत (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक) फुगलेली फुप्फुसधमनी किंवा डावा वरचा कप्पा श्वासनलिकेला बाहेरून दाबतो. तिथे थोपटून काही होत नाही, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) किंवा सीटी लागतो. शस्त्रक्रियेनंतर श्वासपटलाची नस दुखावल्याचीही शक्यता असते. व्हेंटिलेटरच्या दाबाखाली हे झाकलं जातं, म्हणून सोनोग्राफी बाळ स्वतः श्वास घेत असताना करा. श्वास आत घेताना श्वासपटल खाली न जाता वर सरकलं, तर निदान पक्कं, आणि व्हेंटिलेटर सुटत नसेल तर श्वासपटल टाके घालून ताणून बसवण्याबद्दल सर्जनशी लगेच बोला.