जुने अ‍ॅनालॉग कॅमेरे बदलायचेत? केबल उपटायच्या आधी हे वाचा

बेळगावात गणपत गल्लीत जा, खडेबाजारात जा नाहीतर उद्यमबागच्या कुठल्याही शेडात जा, दहा-बारा वर्षांपूर्वी ठोकलेले कॅमेरे अजून तसेच आहेत. मालकाला विचारलं तर म्हणणार, "चालूलाय की, काय झालंय त्याला?" आणि खरंच चालू असतो, टीव्हीवर माणूस आत आला, बाहेर गेला हे दिसतं, फक्त तो माणूस कोण ते कळत नाही. मग गल्ल्यातनं पैसे गेले की झूम करून करून नुसते चौकोन बघत बसायचं. त्यानंतर कुणीतरी येऊन सांगतो सगळं काढा, आयपी (कॉम्प्युटर नेटवर्कच्या केबलवर चालणारे) कॅमेरे टाका, नवीन वायरिंग करा, आणि कोटेशनचा आकडा बघून विषय परत दिवाळीनंतरवर जातो.

सगळं काढायची गरज बहुतेक दुकानांना नसते. तुमच्या भिंतीतनं, पीओपीच्या वरनं, कौलाखालनं गेलेली केबल हाच खरा खर्च आहे, माल कमी आणि मजुरी जास्त, त्यामुळे ती चांगली असेल तर ठेवायची आणि दोन टोकं बदलायची, म्हणजे इकडे डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), तिकडे कॅमेरा. केबल चांगली आहे की नाही हे बघणं हेच यातलं मुख्य काम, बाकी पिना काढून पिना लावणं आहे.

आधी हिशोब समजून घ्या. जुन्या कॅमेऱ्यावर ४२० टीव्हीएल, ६०० टीव्हीएल (चित्रातल्या रेषा) असं काहीतरी लिहिलेलं असतं, ७०० असलं तरी डीव्हीआर जे रेकॉर्ड करतो ते ७०४ बाय ५७६ पिक्सेल, म्हणजे अर्धा मेगापिक्सेलसुद्धा नाही. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा १९२० बाय १०८० देतो, साधारण पाचपट. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल पाहिजेत, असं सीसीटीव्हीच्या ईएन ६२६७६-४ या मानकात आहे, आणि ओळखीचाच माणूस असेल तर १२५ वर भागतं. म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात जेमतेम २.८ मीटर रुंदीची जागा घेतली तरच चेहरा कळणार आणि २ मेगापिक्सेलमध्ये साडेसात मीटरपर्यंत. आता टेप घेऊन आपल्या दुकानाचं शटर मोजा, काउंटर मोजा. चौदा फुटाचं शटर म्हणजे सव्वाचार मीटर, तिथं २ मेगापिक्सेल आरामात पुरतो, मग उगीच ८ मेगापिक्सेलच्या मागं कशाला लागायचं.

जुन्याच केबलवर हे कसं चालतं म्हणाल तर टीव्हीआय, सीव्हीआय आणि एएचडी अशा तीन पद्धती आहेत, तिन्ही अ‍ॅनालॉगच, पण एचडी. साध्या कोअ‍ॅक्स केबलवरनं (टीव्हीच्या केबलसारखी, मध्ये एक तार आणि भोवती जाळी), त्याच गोल फिरवून लावायच्या बीएनसी पिनेतनं चित्र येतं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी थ्री प्लस वन केबल ओढलेली असते, त्यातली कोअ‍ॅक्स चित्राला आणि तीनपैकी दोन तारा १२ व्होल्टला, तीही चालते. त्यासाठी एक्सव्हीआर म्हणतात तो डीव्हीआर घ्या, पेंटाब्रिड पण म्हणतात. तो या तिन्ही पद्धती घेतो, तुमचे जुने कॅमेरे पण घेतो आणि काही चॅनल आयपी कॅमेऱ्यांना पण देतो. यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एकदम सगळं बदलायला नको. आज डीव्हीआर बदला, त्याला जुने आठही कॅमेरे लावा, मग गल्ला आणि शटरचे दोन नवीन घ्या, बाकीचे गणपतीनंतर, पुढच्या सीझनला, जसं जमेल तसं. उलटं करू नका. नवीन कॅमेऱ्याला जुन्या मोडवर टाकायचं बटण असतं, त्यामुळे तो जुन्या डीव्हीआरवर दिसेल पण चित्र जुनंच येणार, पैसे घालून काय मिळालं?

डीव्हीआर घेताना एक फसवणूक फार चालते. बॉक्सवर मोठ्या अक्षरात १०८०, आणि शेजारी बारीक एन नाहीतर लाईट. १०८०-एन म्हणजे ९६० बाय १०८०, आडवे पिक्सेल निम्मे. लाईव्ह बघताना छान दिसतं, रेकॉर्डिंग काढलं की चेहरा पसरलेला. तीच गत ५ मेगापिक्सेल लाईटची. दुकानदाराला सरळ विचारा की सगळ्या चॅनलवर पूर्ण १०८०-पी रेकॉर्डिंग होतं का आणि सेकंदाला किती फ्रेम. १५ मिळाल्या तरी दुकानाला पुष्कळ. आणि एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) आहे का ते बघा, हार्डडिस्कची जागा वाचते.

आता केबल. डीव्हीआरच्या मागं जी पिन आहे ती काढा आणि केबल दोन इंच कापून सोला. आतली तार लालसर चकचकीत असेल तर आनंद आहे. हिरवट-काळी पडली असेल तर पाणी आत गेलंय, आणखी फूटभर मागं कापून बघा, कधीकधी पुढं चांगली लागते. मग ब्लेडने तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर तांब्याचा नुसता मुलामा आहे. कोअ‍ॅक्सच्या मधल्या तारेला लोहचुंबक चिकटला तर आत स्टील. अशी केबल दुकानातल्या दुकानात, वीस-पंचवीस मीटरला चालून जाते, पण मागच्या गोडावूनपर्यंत साठ-सत्तर मीटर गेली असेल तर नवीन कॅमेरा लावून रंग उडालेलं, सावल्या पडलेलं चित्र येईल. बाहेरच्या टोकाला पण हेच करायचं, शिडी लावून, कारण खरा घोळ तिथंच असतो. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत कॅमेऱ्याची पिन नुसती उघड्यावर लोंबत असते, वर काळी टेप गुंडाळलेली, टेप सोडवली की आतनं पाणी टपकतं. खानापूर साईडला तर बोलायलाच नको, तिथला पाऊस असली पिन एका सीझनमध्ये खाऊन टाकतो. नवीन बसवताना प्रत्येक कॅमेऱ्यामागं पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स घ्या, केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूनं घाला आणि त्याआधी तिला थोडा झोल द्या म्हणजे पाणी तारेवरनं आत न जाता खाली गळेल. बीएनसी पिना पितळेच्या घ्या, स्वस्तातल्या स्क्रूच्या पिना सैल होतात आणि मग "चॅनल तीन व्हिडिओ लॉस" दिसायला लागतं. माझ्या मते जुन्या सिस्टीमच्या निम्म्या तक्रारी पिनांच्याच असतात, कॅमेरा बिचारा ठीकच असतो.

दुसरा घोळ पॉवरचा, आणि तो रात्रीच कळतो. दिवसा कॅमेरा मस्त, अंधार पडला की चालू-बंद, चालू-बंद. लोक म्हणतात कॅमेरा गेला. होतं असं की अंधारात कॅमेऱ्याचे आयआर दिवे (रात्री बघायला न दिसणारा उजेड देणारे) लागतात, करंट वाढतो, लांबच्या बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होतो, बंद झाला की करंट नाही म्हणून व्होल्टेज परत वर, परत चालू. त्यामुळे मल्टीमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला लावायचा, कॅमेरा जोडलेला असताना आणि आयआर लागलेले असताना, दिवसा करायचं असेल तर लेन्सवर हात धरा, दिवे लागतात. ११ व्होल्टच्या खाली येत असेल तर काहीतरी करावं लागेल. आवाजासाठी ठेवलेली तिसरी तार रिकामी असेल तर ती दोन्ही टोकांना निगेटिव्हबरोबर जोडा, बराच फरक पडतो. तरी नाही भागलं तर त्या कॅमेऱ्याला जवळच्या प्लगवरनं वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या. एसएमपीएसवरचा (सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा डबा) छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवायची पद्धत आहे, पण त्यात जवळच्या कॅमेऱ्यांना जास्त जातं, मी तरी करत नाही. आठ कॅमेऱ्यांना १० अँपिअरचा एसएमपीएस घ्या, ५ वाल्यावर ओढायला लावू नका, आणि डीव्हीआर नि एसएमपीएस दोन्ही इन्व्हर्टरवर पाहिजेत. हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाईट गेली की डीव्हीआर चालू आणि कॅमेरे बंद अशी पण दुकानं आहेत.

उद्यमबाग, मच्छेकडच्या शेडांत आणखी एक प्रकार असतो, चित्रावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत राहतात. लोखंडी खांबाला कॅमेरा थेट बोल्ट केलेला, खांबाची अर्थिंग वेगळी, डीव्हीआरची वेगळी, मग कोअ‍ॅक्सच्या जाळीतनं करंट फिरतो. कॅमेरा आणि खांब यांच्यामध्ये प्लास्टिकचा बॉक्स किंवा फायबरची पट्टी घाला, बहुतेकदा पट्टे जातात, नाही गेले तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो तो लावा. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा बाहेरच्या लांब केबलवरनं झटका येऊन डीव्हीआरचे पोर्ट जळतात, म्हणून आवाराच्या कॅमेऱ्यांना सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग, यात काटकसर नको.

जागा बदलायची हीच वेळ आहे. जुने कॅमेरे बहुतेक कोपऱ्यात छताला लागून असतात आणि वरनं टक्कल तेवढं दिसतं. गल्ल्याचा कॅमेरा समोरनं, सात-आठ फुटावर आणा, हात आणि नोटा दिसल्या पाहिजेत. शटरचा कॅमेरा आतनं बाहेर बघत असेल तर मागच्या उन्हानं माणूस काळा पडतो, त्याला डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकदम सांभाळणारं) असलेला घ्या, आणि सेटिंगमध्ये नुसतं डिजिटल लिहिलेलं नाही, खरं डब्ल्यूडीआर, ज्यावर १२० डीबी वगैरे लिहिलेलं असतं. जवळच्या कामाला २.८ किंवा ३.६ एमएम लेन्स, लांबच्या गेटला ६ एमएम. यंत्रमागाच्या शेडात लेन्सवर कापसाची धूळ बसते, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तंबाखूची, तिथं कॅमेरा हाताला लागेल असा लावा म्हणजे कुणीतरी पुसेल तरी. आणि रात्री गाडीचा नंबर दिसेल असं कुणी साध्या कॅमेऱ्यावर सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, हेडलाईटच्या झोतात पाटी पांढरी पडते, त्याला वेगळा कॅमेरा लागतो.

हार्डडिस्कचा हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) ठेवला तर दिवसाला २१.६ जीबी, आठ कॅमेरे म्हणजे १७३ जीबी, १ टीबी सहा दिवसात भरली. एच.२६५ वर १ एमबीपीएसला आणलं तर निम्मं, म्हणजे महिनाभराला २.६ टीबी, तेव्हा ४ टीबीची डिस्क घ्या आणि निवांत बसा. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच, पर्पल किंवा स्कायहॉक असली मॉडेलं, कॉम्प्युटरची जुनी काढून घालू नका, चोवीस तास लिहून ती दमते. महिना का म्हणतोय, तर कर्नाटकात २०१७ चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आहे, एका वेळी शंभर किंवा दिवसाला पाचशे माणसं येतील अशा जागांना त्यात कॅमेरे आणि ३० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलंय. मंगल कार्यालयं, दवाखाने, मोठी कापड दुकानं त्यात येतात. तुम्ही छोटे असलात तरी चोरी पंधरा दिवसांनी स्टॉक मोजताना कळते, हे धरून चाला.

मग आयपी कधी घ्यायचं? नवीन बांधकाम असेल, केबल पार गेलेली असेल, किंवा दुसऱ्या इमारतीत नव्यानं लाईन ओढायचीच असेल तेव्हा. एकाच कॅट-६ केबलवरनं वीज आणि चित्र दोन्ही जातं, पण एका लाईनला १०० मीटरची मर्यादा आहे, पुढं मध्ये स्विच घालावा लागतो नाहीतर फायबर. असे एक-दोन आयपी कॅमेरे तुमच्या एक्सव्हीआरलाच जोडा, वेगळा एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) नको. कॅमेरा घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नंबर आणि एसटीक्यूसीची (केंद्राची चाचणी संस्था) चाचणी झालीय का विचारा, ९ एप्रिल २०२५ पासून केंद्रानं सीसीटीव्हीला सुरक्षा चाचणी सक्तीची केलीय, आणि जुना माल स्वस्तात खपवणारे असतातच. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ म्हणून ते तिकडनं आणतात, आणा की, पण वॉरंटीला सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते बिलाच्या आधी विचारा.

जोडून झालं की पहिलं काम पासवर्ड. अ‍ॅडमिन-१२३४५ अजून निम्म्या गावात चालतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं असल्याच पासवर्डचे डीव्हीआर आणि कॅमेरे जगभरातनं गोळा करून मोठमोठ्या वेबसाईट पाडल्या होत्या. राऊटरवर पोर्ट उघडून ठेवू नका, मोबाईलवर बघायला कंपनीचं अ‍ॅप आणि क्यूआर पुरे, आणि तो क्यूआर लावणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये राहिला नाही ना तेवढं बघा. मग वेळ. टाईमझोन जीएमटी अधिक ५:३०, तारीख दिवस-महिना-वर्ष, नेट असेल तर एनटीपी (नेटवरनं घड्याळ आपोआप जुळवणारं) चालू. घड्याळ वीस मिनिटं पुढं असलं की पोलिसांपुढं समजावत बसायला लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, १ जुलै २०२४ पासून, क्लिपबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलचा ठसा, फाईल बदलली की तोही बदलतो) येते, म्हणून क्लिप डीव्हीआरमधनंच पेनड्राईव्हवर काढायची, टीव्हीचं मोबाईलवर शूटिंग करून नाही. लावणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडनं ही क्लिप एकदा काढून घ्या, कालच्या रात्री नऊची, आणि घरच्या कॉम्प्युटरवर चालवून गल्ल्यापाशी उभा असलेला माणूस ओळखू येतो का बघा. कॅमेरे आहेत हे सांगणारा बोर्ड पण लावा, कन्नड आणि मराठी दोन्हीत.

जुना डीव्हीआर लगेच भंगारात घालू नका. त्यात मागच्या महिन्याचं रेकॉर्डिंग आहे, तो तसाच एका फडताळात ठेवा, महिनाभरानं डिस्क काढून फॉरमॅट करा आणि मग डबा द्या भंगारवाल्याला. जुन्या कॅमेऱ्यांतले दोन बरे बघून ठेवा, पावसाळ्यात एखादा नवीन गेला तर तो बदलून येईपर्यंत तेच लावता येतात, एक्सव्हीआर ते घेतोच.