तर्काचे नियम ईश्वरावर अवलंबून आहेत का? हा युक्तिवाद कसा तपासावा

ईश्वर नसेल तर तर्कालाच आधार उरत नाही, आणि ज्याअर्थी नास्तिक तर्क करतो त्याअर्थी त्याने नकळत ईश्वर मान्य केलेलाच आहे, असा एक युक्तिवाद आहे. त्याचे आजचे रूप अमेरिकेतील प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रात घडले. कॉर्नेलियस व्हॅन टिल (1895–1987) यांनी तो मांडला आणि त्यांच्या परंपरेतील ग्रेग बान्सन यांनी 1985 मध्ये अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गॉर्डन स्टाइन या नास्तिक वक्त्याशी झालेल्या जाहीर वादात त्याचा वापर केला. युक्तिवाद ऐकताना शब्दच्छल वाटतो, पण तेवढ्यावर त्याची बोळवण करता येत नाही. तो तपासण्याची हत्यारे मराठी वाचकाला दूर शोधावी लागत नाहीत, कारण न्यायशास्त्राने, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेने, हेतूचे (काही सिद्ध करण्यासाठी दिलेल्या कारणाचे) दोष शोधण्याची जी पद्धत घालून दिली आहे ती या कामाला पुरेशी धारदार आहे.

पहिले काम म्हणजे समोरचा नेमका कोणता दावा करीत आहे हे ठरवून घेणे, कारण येथे तीन वेगवेगळे दावे एकमेकांत मिसळलेले असतात. तर्क करण्यासाठी ईश्वरावर श्रद्धा असावी लागते, हा पहिला. माणसाची बुद्धी विश्वसनीय ठरायची तर तिच्यामागे ईश्वराची योजना हवी, हा दुसरा. आणि विरोधनियमासारखे, म्हणजे एकच विधान एकाच अर्थाने खरेही आणि खोटेही असू शकत नाही यासारखे, तर्काचे नियम मुळात ईश्वरामुळेच आहेत, हा तिसरा. पहिला दावा इतिहासानेच खोटा ठरतो. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती हे बौद्ध आचार्य जगत्कर्ता ईश्वर मानत नव्हते, जैन तार्किकही मानत नव्हते, आणि भारतीय प्रमाणशास्त्राचा, म्हणजे खरे ज्ञान कसे मिळते याच्या शास्त्राचा, मोठा भाग याच मंडळींनी घडवला. विक्रमशिला या बौद्ध विद्यापीठातील रत्नकीर्तींनी तर नैयायिकांच्या (न्यायमताच्या पंडितांच्या) ईश्वरानुमानाचे खंडन करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यात त्यांनी नैयायिकांची व्याप्ती, म्हणजे जेथे हेतू तेथे साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असतेच हा संबंध, नैयायिकांच्याच कसोट्यांवर घासून पाहिली. व्हॅन टिल यांचे अनुयायीही हा पहिला दावा करीत नाहीत. नास्तिकाला तर्क करता येतो, फक्त तो का करता येतो हे त्याला सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. दुसरा दावा उत्क्रांती आणि ज्ञान यांच्या संबंधाचा असून त्याला वेगळी सामग्री लागते. येथे तिसऱ्याचाच विचार केला आहे.

दुसरे काम एक घाईचा आक्षेप बाजूला ठेवण्याचे आहे. ‘तर्क वापरूनच तर्काचा आधार सिद्ध करता, म्हणजे हा चक्रकदोष झाला’, असे बहुतेक टीकाकार लगेच म्हणतात. हा आक्षेप लागू पडत नाही. न्यायात ज्ञापक हेतू आणि कारक हेतू असा भेद केलेला आहे: धूर अग्नीचे ज्ञान करून देतो, अग्नी धुराला उत्पन्न करतो. ज्ञानाच्या क्रमात धूर आधी आणि उत्पत्तीच्या क्रमात अग्नी आधी, आणि यात कोणताही विरोध नाही. त्याचप्रमाणे तर्काच्या साहाय्याने ईश्वर कळतो आणि ईश्वरामुळे तर्क आहे, असे कोणी म्हटले तर तेवढ्यावरून तो चक्रात सापडत नाही. ‘ईश्वर आधी मानल्याशिवाय तर्कावर विश्वासच ठेवता येत नाही’ असे जेव्हा तो म्हणू लागतो, तेव्हा मात्र तो ज्ञानाच्या क्रमाविषयी बोलत असतो आणि तेथे चक्रकदोष खरोखर लागतो. म्हणून आक्षेप घेण्यापूर्वी वाक्य कोणत्या क्रमाविषयी आहे हे विचारून घ्यावे.

आता युक्तिवाद कागदावर पाच अवयवांत, म्हणजे न्यायातील अनुमानाच्या पाच पायऱ्यांत, लिहून काढावा. तोंडी वादात जे गुळगुळीत वाटते, ते लिहिताना खडबडीत होते.

प्रतिज्ञा: तर्काचे नियम एका नित्य मनावर आश्रित आहेत.
हेतू: कारण ते विचाररूप असून नित्य आहेत.
उदाहरण: जे जे विचाररूप असते ते ते मनावर आश्रित असते, जसा माझ्या मनातील घराचा आराखडा.
उपनय: तर्काचे नियम तसेच विचाररूप आहेत, आणि नित्य असल्यामुळे कोणत्याही नश्वर मनावर ते आश्रित असू शकत नाहीत.
निगमन: म्हणून ते नित्य मनावर आश्रित आहेत.

ही मांडणी प्रतिपक्षाला दाखवून त्याची संमती घ्यावी. त्याला मान्य नसलेल्या रूपाचे खंडन केल्याने वेळ जातो, हाती काही लागत नाही.

यानंतर हेतूचे दोष पाहावेत. विरुद्ध आणि बाधित हे दोन दोष येथे फारसे उपयोगी नाहीत. हा हेतू साध्याच्या उलट काही सिद्ध करीत नाही आणि प्रत्यक्षानेही त्याचा बाध होत नाही. खरी परीक्षा असिद्ध, म्हणजे हेतूच सिद्ध झालेला नसणे, या दोषापाशी आहे आणि तेथेच थांबून विचार करावा. नियम विचाररूप आहेत, म्हणजे हेतू ज्याविषयी दिला आहे त्या पक्षावर (येथे तर्कनियमांवर) तो खरोखर आहे, हे सिद्ध झाले आहे का? ‘विचार’ या शब्दाखाली दोन गोष्टी येतात, विचार करण्याची क्रिया आणि विचाराचा विषय. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी 1918 च्या एका निबंधात हाच भेद ठामपणे मांडला: पायथागोरसचा सिद्धांत माझ्या मनातील कल्पना असता तर ‘माझा पायथागोरस’ आणि ‘तुमचा पायथागोरस’ वेगळे झाले असते, आपण तो सिद्धांत निर्माण करीत नाही, ग्रहण करतो. क्रिया मनाशिवाय होत नाही हे उघड आहे. विषयही मनाशिवाय असत नाही हे मात्र सिद्ध करावे लागते, आणि वरील मांडणीत ते गृहीत धरलेले आहे.

हा वाद आपल्याकडे एका अगदी नेमक्या प्रश्नावर झालेला आहे आणि तो माहीत असेल तर तपासणी सोपी होते. मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या सिद्धीसाठी जे हेतू दिले, त्यांत ‘संख्याविशेष’ हा एक आहे. त्याची रचना अशी. न्याय-वैशेषिक मताप्रमाणे ‘एक’ ही संख्या वस्तूत असते, पण ‘दोन’ आणि त्यापुढील संख्या ‘हे एक, हे एक’ अशा मोजणाऱ्या बुद्धीमुळे उत्पन्न होतात. या बुद्धीला अपेक्षाबुद्धी म्हणतात. दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक बनते. परमाणूचे परिमाण मोठे परिमाण उत्पन्न करू शकत नाही, म्हणून द्व्यणुकाचे परिमाण परमाणूंच्या द्वित्वामुळे आणि त्र्यणुकाचे परिमाण द्व्यणुकांच्या त्रित्वामुळे येते असे मानावे लागते. परंतु सृष्टीच्या आरंभी मोजणारा माणूस नव्हता. मग ती अपेक्षाबुद्धी कोणाची? ईश्वराची, असे उदयनाचार्य म्हणतात.

अमूर्त गोष्टीला मन हवे, मानवी मन पुरत नाही, म्हणून ईश्वराचे मन मानावे, ही आजच्या युक्तिवादाची चौकट येथे जशीच्या तशी दिसते. त्यावरचा प्रश्नही तितकाच जुना आहे: अपेक्षाबुद्धी द्वित्वाची जनक आहे की केवळ व्यंजक आहे? ती द्वित्व उत्पन्न करते, की असलेले द्वित्व दाखवून देते? व्यंजक असेल तर सृष्टीच्या आरंभी कोणी मोजले नाही म्हणून काही बिघडत नाही. तर्कनियमांबाबत हाच प्रश्न सरळ विचारावा: मन या नियमांचे जनक की व्यंजक? ईश्वरवाद्याने जनकत्वाचा स्वतंत्र पुरावा दिला तर युक्तिवाद पुढे जातो. माझ्या वाचनात असा पुरावा आलेला नाही; येथे बहुधा उदाहरणातला घराचा आराखडाच पुन्हा पुढे केला जातो.

नास्तिक बाजूने याच टप्प्यावर एक चूक हमखास होते. ‘तर्काचे नियम माणसांनी संकेताने ठरवलेले आहेत’, असे सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. स्टाइन यांनी 1985 च्या वादात याच वळणाचे उत्तर दिले आणि ते महागात पडले, कारण संकेत बदलता येतात, आणि विरोधनियम सर्वांनी मिळून बदलायचा ठरवला तर काय होईल, याचे उत्तर मग देता येत नाही. चिन्हे संकेताने ठरतात, हे खरे. त्या चिन्हांनी जे सांगितले जाते तेही संकेताने ठरते, हे त्यावरून निघत नाही. नियम म्हणजे काय आहेत, हा प्रश्न नास्तिकालाही सुटलेला नाही हे त्याने मान्य करावे, त्यात कमीपणा काही नाही.

पुढचा दोष सत्प्रतिपक्ष, म्हणजे तितक्याच बळाचा विरुद्ध हेतू. तो असा मांडावा: तर्काचे नियम ईश्वरावर आश्रित नाहीत, कारण ईश्वरालाही ते बदलता येत नाहीत. यावर ईश्वरवाद्यापुढे दोन वाटा असतात आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात दोन्ही चोखाळल्या गेल्या आहेत. देकार्त यांनी 1630 मध्ये मर्सेन यांना लिहिलेल्या पत्रांत पहिली वाट धरली: राजा आपल्या राज्यात कायदे करतो तशी ईश्वराने शाश्वत सत्ये स्थापिली. मग ईश्वर ती वेगळीही स्थापू शकला असता, आणि ‘नित्य’ हा हेतूतील शब्दच डळमळीत होतो. लायब्निझ यांनी दुसरी वाट धरली: सत्ये ईश्वराच्या इच्छेवर अवलंबून नाहीत, त्याच्या बुद्धीवर अवलंबून आहेत. थॉमस अक्वायनस यांनीही, ज्यात विरोध आहे ते ईश्वराच्या सामर्थ्याच्या कक्षेतच येत नाही, असे म्हटले होते. ही वाट अधिक भक्कम आहे. पण ईश्वर ज्या सत्यांना जाणतो, पण बदलू शकत नाही, त्यांचा ‘आधार’ तो कोणत्या अर्थाने, हे मग सांगावे लागते. ती ईश्वराच्या स्वभावातच आहेत असे उत्तर मिळाल्यास, तो स्वभाव स्वतः विरोधरहित आहे हे कशामुळे, असे विचारावे. कारण तो विरोधरहित असण्यासाठी विरोधनियम आधीच लागू असावा लागतो.

काही ईश्वरवादी येथे अनुमान सोडून देतात आणि म्हणतात की आमचा युक्तिवाद वेगळ्याच जातीचा आहे: ईश्वर न मानल्यास तर्काची उपपत्तीच लागत नाही. ही मीमांसकांची अर्थापत्ती होय. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, त्याअर्थी तो रात्री जेवतो. अर्थापत्तीचे बळ सर्वस्वी अन्यथा-अनुपपत्तीवर, म्हणजे दुसरा कोणताच मार्ग शिल्लक नाही यावर असते. म्हणून विचारावे की कोणते पर्याय तपासले? जडवादातून नियमांची उपपत्ती लागत नाही, हे दाखवले म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही. अमूर्त सत्ये कोणत्याही मनाशिवाय आहेत असे मानणारे प्लेटोपासून आजवर आहेत, आणि नियमांना आधार लागतच नाही असे म्हणणारेही आहेत. शिवाय तत्त्वज्ञ बॅरी स्ट्राउड यांनी 1968 मध्ये या जातीच्या युक्तिवादांवर घेतलेला आक्षेप लक्षात ठेवावा: अमुक मानल्याशिवाय आपला व्यवहार चालत नाही, यावरून फार तर ‘ते मानावे लागते’ एवढेच निघते, ‘ते आहे’ असे निघत नाही.

आधार लागतच नाही, हा पर्याय ऐकताना पळवाट वाटतो, पण त्याचा सर्वांत चांगला साक्षीदार ईश्वरवाद्यांच्याच बाजूला बसलेला आहे. चार्वाकाने जेव्हा व्याप्तीवरच शंका घेतली, की आजवर धुराबरोबर अग्नी दिसला पण इतर देशी, इतर काळी तसे नसेलही, तेव्हा उदयनाचार्यांनी त्याच न्यायकुसुमांजलीत उत्तर दिले: ‘व्याघातावधिराशङ्का’. शंकेला मर्यादा आहे, आणि जेथे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनाशीच विरोध येतो तेथे ती संपते. धूर हवा म्हणून जो अग्नी पेटवतो आणि भूक भागावी म्हणून जो जेवतो, त्याने कार्यकारणावर शंका घेण्यात अर्थ नाही. ॲरिस्टॉटलनेही विरोधनियमाचे समर्थन असेच केले होते: तो नाकारणाऱ्याने काहीतरी अर्थपूर्ण बोलून दाखवावे, बोलताच त्याने नियम मान्य केलेला असतो. श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात उदयनाचार्यांचा तो श्लोक उलटवून त्यांच्यावरच टाकला, तो वाद निराळा. परंतु ईश्वर सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात, अनुमानाचा पायाच हादरला असता, एवढ्या मोठ्या ईश्वरवाद्याने पायाखाली ईश्वर ठेवला नाही, हे ‘ईश्वर मानल्याशिवाय तर्काला तोंड नाही’ असे म्हणणाऱ्यास अवश्य दाखवावे. न्यायशास्त्राच्या शिक्षणातून ईश्वरवाद आपोआप येत नाही, हे महाराष्ट्राला वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील, न्यायाचे पंडित असूनही अनीश्वरवादी असलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या उदाहरणावरूनही ठाऊक आहे.

शेवटी, वरील सर्व दोषांतून युक्तिवाद सुटला असे घटकाभर मानून निगमनाकडे पुन्हा पाहावे. त्यात ‘एक नित्य मन’ एवढेच आहे. ते मन जगत्कर्ते आहे, कृपाळू आहे, एखाद्या धर्मग्रंथातून बोललेले आहे, यांपैकी काहीही त्या पाच अवयवांत नाही, आणि ते एकच आहे हेसुद्धा नाही. सिद्ध करायचे एक आणि सिद्ध केले दुसरेच, याला न्यायात अर्थांतर नावाचे निग्रहस्थान, म्हणजे वादात हार ठरवणारी चूक, म्हणतात. उदयनाचार्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी संख्येच्या हेतूवर सगळा भार न टाकता कार्य (जग हे कार्य आहे), धृती (जगाचे धारण), श्रुती (वेद) वगैरे आणखी हेतू शेजारी उभे केले. व्हॅन टिल यांच्या परंपरेचा दावा मात्र थेट बायबलातील त्रिएक ईश्वराचा आहे, तेव्हा एका नित्य मनापासून तेथवरचा प्रवास कोणत्या हेतूने केला, तो हेतू त्यांच्याकडून वेगळ्या पाच अवयवांत लिहून मागावा.