उन्हाळ्यात तळ्याकाठी जाताना

मे महिन्यात समुद्रकिनाऱ्यावरील गर्दी टाळून गोड्या पाण्याकाठी दिवस घालवायचा असेल, तर पाण्याआधी काठ पाहावा. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील मये तलावाभोवती डोंगर आणि झाडी असल्याने लहान मुले सोबत असल्यास तेच ठिकाण बरे. साळावली धरणातून दक्षिण गोव्याला पिण्याचे पाणी जाते. म्हणून ते धरण केवळ पाहावे. पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पण त्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून काठीने टोचून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाण्याने भरलेल्या जुन्या चिरेखाणी (जांभ्या दगडाचे चिरे काढलेल्या खाणी) मात्र, त्यांतील हिरव्या पाण्याचा कितीही मोह पडला तरी, पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात, कारण चिरे उभे कापून काढलेले असल्याने तेथे उतरता काठच नसतो आणि पहिल्याच पावलाला तळ सुटतो.